अधिशोषकांचे मूल्यमापन : पृष्ठफळाच्या निकषाची मर्यादा

औद्योगिक वायूंच्या पृथक्करणात अधिशोषकांना, म्हणजेच वायूचे रेणू पृष्ठभागावर धरून ठेवणाऱ्या सच्छिद्र घन पदार्थांना, महत्त्वाचे स्थान आहे. असे नवनवे पदार्थ सातत्याने तयार होत आहेत. त्यांच्या गुणवत्तेचा निर्णय मात्र पुष्कळदा पृष्ठफळाच्या आकड्यावर सोपवला जातो. हा निकष कितपत पुरेसा आहे, याचा परामर्श घेणे अगत्याचे ठरते.

प्रथम हवेच्या पृथक्करणाचे उदाहरण पाहता येईल. झिओलाइटमधील धन आयनांकडे नायट्रोजनचे रेणू, त्यांच्या अधिक चतुर्ध्रुव आघूर्णामुळे, ऑक्सिजनपेक्षा जास्त ओढले जातात आणि दाब उतरवला की सुटतात. याउलट, नायट्रोजन संयंत्रातील कार्बनची रेणवीय चाळणी ऑक्सिजनला अधिक वेगाने आत घेते. एप्रिल २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, आयआयटी मुंबईने अशाच एका नायट्रोजन संयंत्रात कार्बनऐवजी झिओलाइट वापरून ९३ ते ९६ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन मिळवला. यंत्रणा बव्हंशी तीच राहिली. पदार्थ बदलताच उत्पादन बदलले. येथे निर्णायक ठरली ती निवडक्षमता.

धातु-सेंद्रिय चौकटींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक ठळकपणे समोर येतो. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एमओएफ-५ या पदार्थाचे पृष्ठफळ ग्रॅमला सुमारे २,९०० चौरस मीटर इतके मोजले गेले. या क्षेत्राच्या पायाभरणीसाठी कितागावा, रॉबसन आणि याघी यांना २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु एमओएफ-५ ची चौकट दमट हवेत ढासळते आणि कारखान्याच्या धुरात तर बाष्प असतेच. याच्या तुलनेत २०२१ मध्ये मांडलेल्या कॅल्फ-२० चे पृष्ठफळ बेताचेच आहे. तरीही सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांपेक्षा कमी असताना ते पाण्याऐवजी कार्बन डायऑक्साइडला प्राधान्य देते आणि वाफेच्या संपर्कातही टिकते. उद्योगाच्या दृष्टीने हेच गुण मोलाचे आहेत.

याचा अर्थ पृष्ठफळ निरर्थक आहे असा नव्हे. हायड्रोजन वा मिथेन साठवताना त्याचे महत्त्व निर्विवाद आहे. पृथक्करणात मात्र मिश्रणातील निवड, बाष्पसहिष्णुता, पुनरुज्जीवनास लागणारी ऊर्जा, वारंवार वापरानंतरची क्षमता आणि उत्पादनखर्च यांचा एकत्रित विचार अपरिहार्य आहे.

महाविद्यालयीन प्रयोगशाळांतील संशोधन अनेकदा पृष्ठफळ आणि शुद्ध वायूचा एखादा समतापी वक्र यांपाशी थांबते. वायुमिश्रणावरील चाचणीची साधने सर्वत्र उपलब्ध नाहीत, ही अडचण खरी आहे. परंतु नमुना दमट हवेत ठेवून पुन्हा मोजणे किंवा अधिशोषणाची काही आवर्तने करून क्षमतेतील घट नोंदवणे यांसाठी मोठ्या निधीची गरज नसते. ही घट प्रामाणिकपणे नोंदवणारा निबंध मोठ्या पृष्ठफळाच्या घोषणेपेक्षा उद्योगाला आणि पुढील संशोधकाला अधिक उपयोगी पडेल.