हरिण, रायफल आणि सरकारी रान : मराठी शिकारकथेच्या नीतीचा प्रश्न

१

मराठी समीक्षेने शिकारकथेकडे प्रायः रंजनप्रधान, कुमारवयीन वाचकांसाठीचा लेखनप्रकार म्हणूनच पाहिले आहे. साहसकथा, प्रवासवर्णन आणि अनुभवकथन यांच्या सीमेवर कोठेतरी तिला जागा दिली जाते आणि तेथेच तिचा विचार संपतो. भानू शिरधनकर यांचे नाव या प्रकाराशी जोडले गेले. व्यंकटेश माडगूळकरांच्या बाबतीत मात्र त्यांच्या शिकारीचा उल्लेख चरित्राचा तपशील म्हणून होतो, वाङ्मयीन समस्या म्हणून होत नाही. वस्तुतः शिकारकथा हा असा प्रकार आहे, की ज्यात निवेदक एका जिवाचा वध करतो आणि त्या वधाची कथा स्वतःच सांगतो. कर्ता, साक्षीदार आणि निवेदक हे तिघे एकाच व्यक्तीत एकवटलेले असणे ही निवेदनशास्त्राच्या दृष्टीने साधी गोष्ट नव्हे.

या प्रकाराची परीक्षा वाघाच्या कथेत होत नाही, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. जिम कॉर्बेट यांचे ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्या धर्तीची नरभक्षकाची कथा सर्वत्र लोकप्रिय झाली. तिची नैतिक रचना पक्की असते. गाव भयग्रस्त आहे, माणसे मारली जात आहेत, शिकारी बोलावला जातो. वध हे येथे रक्षण ठरते. कथेला समर्थन शोधावे लागत नाही. ते कथानकातच अंतर्भूत असते. हरिणाच्या शिकारीला हा आधार नाही. चितळ, सांबर किंवा भेकर कोणाचाही जीव घेत नाही. फार तर ते पीक खाते. आणि पीकसंरक्षणाची परवान्याची बंदूक ही कोकणातली परिचित वस्तू असली, तरी शेताच्या बांधावर टाकलेला बार आणि रानात माग काढत जाऊन टाकलेला बार या दोन निरनिराळ्या कृती आहेत. म्हणून हरिणाच्या शिकारीची कथा ही या प्रकाराची खरी कसोटी होय. समर्थनाचे कवच गळून पडल्यावर निवेदकापाशी काय उरते, हे तेथे दिसते.

२

भारतीय परंपरेला हा प्रश्न नवा नाही. उलट, हरिणाच्या शिकारीत काहीतरी मूलतः अस्वस्थ करणारे आहे, ही जाणीव आपल्या कथापरंपरेत फार खोलवर रुजलेली आहे. तिची तीन रूपे येथे वेगळी करता येतात.

पहिले रूप सीमेचे. ‘अभिज्ञानशाकुन्तला’चा आरंभ हरिणाच्या पाठलागाने होतो आणि पाठलाग थांबतो तो हे हरिण आश्रमाचे आहे या घोषणेने. हरिण तेच, धनुष्य तेच, राजाही तोच; बदलते ती केवळ जमीन. आश्रमाच्या सीमेत येताच राजाचा अधिकार संपतो आणि दुष्यंत तो मान्य करतो. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. आधुनिक मराठी संगीत नाटकाची सुरुवात ज्या नाटकाने झाली असे मानले जाते, त्याचा पहिला प्रसंगच एका थांबलेल्या शिकारीचा आहे, या योगायोगाकडे अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही.

दुसरे रूप ओळख चुकण्याचे. पंडू हरिण समजून मृगरूपातील किंदम ऋषींवर बाण सोडतो आणि शापग्रस्त होतो. जरा नावाचा व्याध श्रीकृष्णाच्या पायाला हरिण समजतो. रामाला भुलवणारे हरिण वस्तुतः मारीच असते. या सर्व कथांत हरिण हे हरिण नसते. नेम अचूक असतो, पाहणे चुकलेले असते.

तिसरे आणि मराठी मनाला सर्वांत निकटचे रूप मुदतीचे. श्रीधरांच्या ‘शिवलीलामृता’ची (१७१८) रचना झाल्यापासून शिवरात्रीची व्याधकथा घरोघरी वाचली जाते. बेलाच्या झाडावर बसलेल्या व्याधासमोर हरिणी येते, बोलते, मुदत मागते आणि दिलेल्या वचनाप्रमाणे परत येते. ऐकता ऐकता रात्र सरते, आणि बाण सुटत नाही. कथेच्या शेवटी मृग आणि व्याध दोघेही आकाशात जातात. मराठी शेतकऱ्याच्या पावसाचे पहिले नक्षत्र हे शिकार झालेले हरिणच आहे; त्याच्या पोटातील तीन ताऱ्यांचा बाण आणि मागे चमकणारा व्याध आजही दाखवला जातो.

सीमा, ओळख आणि मुदत या तीन संकल्पनांचे मोल असे, की तिन्हींत शिकारीची क्रिया खंडित होते. सीमा तिला अडवते, चुकलेली ओळख तिला पातक ठरवते, मुदत तिला पुढे ढकलते. आधुनिक शिकारकथा या तिन्हींशी कसा व्यवहार करते, हा यापुढचा प्रश्न.

३

धनुष्याकडून ठासणीच्या बंदुकीकडे आणि तेथून रायफलीकडे झालेला प्रवास हा केवळ शस्त्राचा इतिहास नव्हे; तो निवेदनाच्या अंतराचाही इतिहास आहे. रायफलीच्या नळीतील पिळामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते आणि ठासणीच्या बंदुकीला न जमणारे अंतर सहज तोडते. ठासणीच्या बंदुकीला जनावर जवळ यावे लागते. रायफलधाऱ्याला ते दिसले की पुरे. हे अंतर वाढताच व्याधकथेतील संवादाची शक्यता संपुष्टात येते. ज्या हरिणाने शिकाऱ्याला पाहिलेलेच नाही, ते मुदत कोणाकडे मागणार? दुर्बिणीच्या वर्तुळात आलेले हरिण हे चित्रासारखे निःशब्द असते. रायफलीने हरिणाचा जीव घेण्यापूर्वी त्याची वाचा घेतलेली असते.

या निःशब्दतेची भरपाई कथा ‘माग’ काढण्याच्या वर्णनाने करते. इटालियन इतिहासकार कार्लो गिंझबर्ग यांनी १९७९ च्या आपल्या एका प्रसिद्ध निबंधात असे सुचवले, की कथन करण्याची कल्पनाच कदाचित शिकाऱ्यांच्या समाजात जन्मली असावी. कारण मूक खुणांमधून घटनांची सुसंगत मालिका वाचणे हे शिकाऱ्यालाच शक्य होते. खुरांचा ठसा, मोडलेली काडी, ओली लेंडी, झाडाच्या सालीवर शिंगे घासल्याची खूण यांवरून न दिसलेले जनावर उभे करणे हे खरोखरच कथनाचे मूळ रूप आहे. मराठी शिकारकथेतील सर्वोत्तम गद्य या ठिकाणीच आढळते. तेथे निवेदकाचे लक्ष स्वतःवर नसते, भाषा नेमकी आणि इंद्रियगोचर होते, क्रियापदे जनावराची असतात : ते येथे थबकले, येथे वळले, येथे पाणी प्यायले.

बार झाला, की व्याकरण पालटते. क्रियापदे शिकाऱ्याकडे येतात आणि हरिण कर्मस्थानी जाते. त्यानंतरची वाक्ये हटकून मोजमापाची असतात : शिंगांची लांबी, अंतर, गोळी कोठे लागली. ओर्तेगा इ गॅसेट या स्पॅनिश तत्त्वज्ञाने शिकारीवरील चिंतनात असा युक्तिवाद केला आहे, की शिकारी मारण्यासाठी शिकार करीत नाही. शिकार पूर्ण व्हावी म्हणून मारतो. तत्त्वज्ञानाच्या पातळीवर हा भेद कितीही सूक्ष्म असला, तरी कथेच्या पातळीवर तो उलटा पडतो. कथा बारापूर्वीच पूर्ण झालेली असते. वध हा तिचा उत्कर्षबिंदू नसून तिच्या भाषेच्या ऱ्हासाचा बिंदू असतो. हरिणाच्या शिकारकथेतील नैतिक अडचण ही अशी प्रथम शैलीतून प्रकट होते; निवेदक जे कबूल करीत नाही, ते त्याचे गद्य कबूल करते.

४

आता सीमेचा प्रश्न. शिकारकथेचे रान बहुधा ‘निर्मनुष्य’ असते. प्रत्यक्षात वसाहतकाळापासून ते सरकारी रान आहे. १८७८ आणि १९२७ च्या वन कायद्यांनी राखीव जंगलाची सीमा आखली आणि त्या सीमेत काय करावे, काय करू नये याचे नियम केले. परवाना घेणाऱ्याला ठरावीक मुदतीसाठी शिकारीचा गट मिळे. येथे ‘मुदत’ आणि ‘सीमा’ हे दोन्ही शब्द परत येतात, पण अर्थ पालटून. व्याधकथेत मुदत हरिणी मागते. शिकारकथेत ती शिकाऱ्याच्या परवान्यावर असते. शाकुंतलात सीमा राजाला अडवते. राखीव रानात ती परवानाधारकाला आत घेते आणि तेथेच राहणाऱ्याला बाहेर ठेवते.

मराठी शिकारकथेचा नकाशा प्रायः वाघाच्या मुलखाभोवती फिरतो. पनवेलसारख्या प्रदेशाला त्यात स्थान नाही. कारण येथील रानात दाखवण्याजोगे आहे ते भेकर, रानडुक्कर, ससा. पण हरिणाच्या शिकारीचा प्रश्न तपासायचा, तर हाच प्रदेश अधिक बोलका आहे. कर्नाळ्याच्या डोंगराभोवती कातकरी आणि ठाकर यांची वस्ती आहे. कात तयार करण्याच्या व्यवसायावरून कातकऱ्यांना नाव मिळाले; वनकायद्यांनी तो व्यवसायच त्यांच्या हातून काढून घेतला. त्यांच्या पारधीला सरकारी भाषेत नवे नाव मिळाले : ‘चोरटी शिकार’. एकच भेकर, एकच डोंगर. परवानाधारकाच्या हातून ते पडले तर कथा होते, कातकऱ्याच्या फासक्यात सापडले तर गुन्हा होतो.

भाषेनेही हा भेद नोंदवून ठेवला आहे. ‘पारध’ हा प्राकृतातून आलेला शब्द एका जमातीच्या नावाला चिकटला आणि त्या जमातीवर वसाहती कायद्याने गुन्हेगारीचा शिक्का मारला; ‘शिकार’ हा फारसी शब्द दरबारातून आला आणि प्रतिष्ठित राहिला. शिकारकथेत पारधी, कातकरी किंवा ठाकर येतो तो वाटाड्या म्हणून, हाकेवाला म्हणून. माग बहुधा तोच काढतो. म्हणजे गिंझबर्ग ज्याला पहिला कथक म्हणतात, तो मराठी शिकारकथेत हजर आहे. पण कथा सांगण्याचा अधिकार त्याला नाही. कथेतील सर्वोत्तम गद्य ज्याच्या ज्ञानावर उभे आहे, त्याला बहुतेक वेळा केवळ टोपणनाव असते. हरिणाच्या मौनाशेजारी हे दुसरे मौन आहे, आणि शिकारकथेचे वाचन त्याची दखल घेतल्याशिवाय पूर्ण होऊ शकत नाही.

या भूमीत सरकारी रान आणि रायफल यांची गाठ आणखी एका प्रसंगी पडली आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी पनवेलपासून जवळच चिरनेर येथे जंगल सत्याग्रहासाठी अक्कादेवीच्या डोंगरावर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्या दिवशी रानात बार झाले ते हरिणावर नव्हे, माणसांवर; आणि प्रश्न होता तो हे रान कोणाचे, हाच. शिकारकथा या प्रसंगाविषयी काही सांगणार नाही, हे उघड आहे. परंतु तिचे ‘निर्मनुष्य’ रान हे वर्णन नसून एक वाङ्मयीन संकेत आहे, हे चिरनेरच्या संदर्भात स्पष्ट होते.

५

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कठोर बंधने आणली आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याच्या शिकारीचा मार्गच बंद केला. माणसाच्या जिवाला धोकादायक ठरलेल्या जनावराविषयी मात्र कायद्याने अपवाद ठेवला. नरभक्षकाच्या कथेचे समर्थन असे कायद्यातही टिकून राहिले. हौशी बंदुकीच्या हरिणकथेला कायद्यात जागा उरली नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनवासींचे अनेक हक्क मान्य केले, तरी पारंपरिक शिकारीचा हक्क त्यातून स्पष्टपणे वगळला. म्हणजे सीमा आता दोघांनाही अडवते. मात्र एकाचा छंद थांबला आणि दुसऱ्याचे अन्न. या दोहोंना समान मानणे हा न्यायाचा आभास होईल.

वाङ्मयात या स्थित्यंतराचे प्रतिनिधी दोन. माडगूळकरांनी (१९२७–२००१) बंदूक खाली ठेवून वही आणि चित्रकाराची पेन्सिल हाती घेतली. ‘नागझिरा’मधील गद्य हे माग काढणाऱ्याचेच गद्य आहे, पण त्याला बाराचा शेवट नाही, त्यामुळे व्याकरण पालटण्याचा तो क्षणच येत नाही आणि जनावर शेवटपर्यंत कर्तेपदी राहते. शिकारकथेची शैली तिच्या नीतीपासून सोडवण्याचे हे काम मराठीत त्यांनी केले, आणि ते ‘सत्तांतर’च्या (१९८२) यशाइतकेच महत्त्वाचे आहे. तरीही लपणात बसून, आपण न दिसता पाहणारा निवेदक हा शिकाऱ्याचा वारसदारच असतो. पाहण्याची सत्ता त्याच्यापाशी शाबूत आहे.

मारुती चितमपल्ली यांचा मार्ग वेगळा. ते वनखात्यातील अधिकारी, म्हणजे परवाना देणाऱ्या यंत्रणेचा भाग. १९६८ मध्ये घोषित झालेल्या कर्नाळा पक्षी अभयारण्याच्या विकासातही त्यांचा वाटा होता. २०२५ मध्ये ते निवर्तले, तेव्हा त्यांच्या लेखनाचा गौरव निसर्गप्रेम या एकाच शब्दात उरकला गेला. त्यांचे खरे वाङ्मयीन कार्य शब्दांविषयीचे आहे. आदिवासींकडून पक्ष्यांची, प्राण्यांची, झाडांची नावे घेऊन त्यांनी ती लिखित मराठीत आणली. शिकारकथेने ज्या वाटाड्याचे ज्ञान वापरले आणि वाणी गाळली, त्याची वाणी येथे अंशतः परत येते. अंशतः म्हणायचे, कारण शब्द त्याचे असले तरी पुस्तक त्याचे नाही.

कर्नाळा अभयारण्याच्या मधून आज मुंबई–गोवा महामार्ग जातो. तेथील भेकराला आता रायफलीची भीती नाही. त्याच्या रानाची सीमा रस्ता आणि शहर ठरवतात. या बदललेल्या स्थितीत जुन्या शिकारकथा फेकून देणे सोपे आहे आणि स्मरणरंजनाने वाचणे त्याहून सोपे. त्यांचे टीकात्मक वाचन मात्र तीन प्रश्न विचारील : रान कोणाचे आहे हे कथेला ठाऊक आहे काय? माग कोणी काढला हे ती सांगते काय? आणि बारानंतर तिच्या भाषेचे काय होते? पहिल्या दोन प्रश्नांना बहुतेक कथा उत्तर देत नाहीत. तिसऱ्याचे उत्तर टाळणे मात्र त्यांना जमत नाही. श्रीधरांच्या व्याधाने रात्रभर ऐकले, म्हणून कथा घडली. रायफलीच्या कथेत ऐकण्याचे ते काम वाचकाकडे आले आहे.