उपदेश एकाला, गाणं सगळ्यांचं

आता ब्रिटनच्या ‘हिम टु सेंट सिसिलिया’कडे वळू. शब्द ऑडेनचे, मुद्दाम त्याच्यासाठी लिहिलेले. १९४२ साली अमेरिकेहून इंग्लंडला परतताना बोटीवर ब्रिटनने ही रचना पूर्ण केली. साथीला वाद्यं नाहीत. पाच आवाजांचं समूहगान, जेमतेम दहा-अकरा मिनिटांचं. सिसिलिया ही संगीताची संत, आणि ब्रिटनचा जन्मही तिच्याच सणाचा, २२ नोव्हेंबरचा. शेवटच्या भागात ऑडेन या धाकट्या मित्राचेच कान टोचतो, असं मला वाटतं: निरागसपणात लपू नकोस, चुकांना सामोरा जा. ब्रिटन वाद घालत नाही. तो उपदेश समूहाच्या तोंडी देतो आणि शेवट आळवणीत करतो. पुढे मैत्री तुटली. पण बघा, एकाला दिलेला सल्ला आता सगळ्यांची प्रार्थना झाला आहे. मग अर्थ कुणाचा, कवीचा की संगीतकाराचा? मी म्हणेन, गाणाऱ्यांचा.