कोंबडं झाकलं तर

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं आपण मराठीत म्हणतो. म्हणीत म्हातारीचा उल्लेख नाही, पण ती मागे उभी आहेच: आपलं कोंबडं आरवतं म्हणून गावाचा दिवस उगवतो अशा घमेंडीत असलेली आणि शेवटी फजीत पावणारी. कन्नडमध्ये ही म्हातारी अजून लोककथेतच नांदते. चिदानंद एस. नाईक यांच्या ‘सनफ्लॉवर्स वेअर द फर्स्ट वन्स टू नो’ या 16 मिनिटांच्या कन्नड लघुपटात ती गावातलं कोंबडं चोरते, आणि तिथे खरोखरच उजाडत नाही. कोंबडं परत यावं म्हणून एका भाकिताचा आधार घेतला जातो आणि म्हातारीच्या कुटुंबाला गावाबाहेर काढलं जातं.

हा लघुपट पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमधल्या विद्यार्थ्यांचा. तोही तिथल्या एक वर्षाच्या टेलिव्हिजन अभ्यासक्रमातला, वर्षअखेरीचा संयुक्त स्वाध्याय म्हणून केलेला. दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन आणि ध्वनी अशा चार शाखांचे चार विद्यार्थी आणि चित्रीकरणासाठी चार दिवस. 2024 मध्ये कान महोत्सवाच्या ‘ला सिनेफ’ या चित्रपटशाळांसाठीच्या विभागात त्याला पहिलं पारितोषिक मिळालं. त्यानंतर माझ्या कानावर जे कौतुक आलं, त्यात एक शब्द सारखा होता: असूनही. विद्यार्थ्यांचा असूनही, चार दिवसांत केलेला असूनही. भाषांतरकार म्हणून मला हा ‘असूनही’ खटकतो. अडचण आणि कलाकृती यांचं नातं तो चुकीचं सांगतो.

हे मला कळलं ते एका विद्यार्थ्याच्या चित्रपटाची उपशीर्षकं करताना. मी कन्नडमधून मराठीत भाषांतरं करते. मराठीतून इंग्रजी उपशीर्षकं हे काम माझं नव्हे. एका मैत्रिणीच्या भाच्याचा पदविकेचा चित्रपट होता, पैसे नव्हते, मी हो म्हटलं. पहाटेच्या प्रसंगात अंथरुणाला खिळलेली आजी विचारते, “उजाडलं का रे?” एवढंच वाक्य. मी त्याचं दोन ओळींचं उपशीर्षक केलं. आजीला रात्र कशी खायला उठते, तेही त्यात बसवलं. संकलन करणारी मुलगी नम्रपणे म्हणाली, “मावशी, हा शॉट दीड सेकंदाचा आहे.” मी शॉट लांबवायला सुचवलं. ती म्हणाली, “लांबवायला पुढे फुटेजच नाही. त्या रात्री जनरेटर बंद पडला, तेवढंच मिळालं.”

मी तीन शब्दांवर आले, तेव्हा लक्षात आलं की दीड सेकंदात फक्त आजीचा प्रश्न मावतो, माझं स्पष्टीकरण मावत नाही. आणि प्रसंगाला प्रश्नच हवा होता. जनरेटर बंद पडला हे काही बरं झालं नाही. मुलांची एक रात्र वाया गेली, आणि दुसरी रात्र परवडणार नव्हती. पण जे हाती राहिलं त्यातून चित्रपट करायचा, हे त्या मुलांना माझ्याआधी उमगलं होतं.

नाईक यांचा लघुपट मी या नजरेने पाहते. ज्यांच्याकडे चारच दिवस आहेत त्यांनी न संपणाऱ्या रात्रीची गोष्ट निवडावी, हे धाडसच. पडद्यावर अंधार दाखवायचा तर प्रकाशच लागतो, तोही मोजून, नाहीतर दिसतो तो नुसता काळा पडदा. पण त्याच निवडीमुळे गावाचा पसारा दाखवायची गरज उरत नाही. उजेड जेवढा पोहोचतो तेवढंच गाव, बाकीचं कानांनी ओळखायचं. उमेश कुलकर्णी यांच्या विद्यार्थिदशेतल्या ‘गिरणी’ची इथे आठवण होते. घरात पिठाची गिरणी येते आणि तिच्या आवाजात एका मुलाचं बालपण दळलं जातं. तिथेही एक घर, एक यंत्र, एक आवाज. जागा वाढवली असती तर आवाज पातळ झाला असता.

म्हणून विद्यार्थ्यांच्या चित्रपटाला सवलत द्यायची असं मी म्हणत नाही. उलट नीट वाचायचं तर उणंही सांगायला हवं. ‘सनफ्लॉवर्स’मधला भाकिताचा आणि हद्दपारीचा भाग मला घाईचा वाटतो. लोककथेत ‘मग त्यांना गावाबाहेर काढलं’ एवढं वाक्य पुरतं, कारण ऐकणारा उरलेलं आपल्या गावातून भरून घेतो. पडद्यावर माणसांचे चेहरे दिसतात, आणि चेहरा दिसला की ‘का’ आणि ‘कोणी’ हे प्रश्न मागे लागतात. त्यांना तिथे पुरेशी जागा मिळत नाही.

तरीही या लघुपटाने लोककथेचं जे केलं ते मोलाचं आहे. मूळ कथा गावाच्या बाजूची: म्हातारीचा तोरा उतरवणारी, तुझ्यावाचून कुणाचं अडत नाही असं बजावणारी. चित्रपट विचारतो, अडलं तर? आणि मग दिसतं की म्हातारी खोटी ठरली नाही, तरी शिक्षा तिलाच होते.

इथे मला पुन्हा आजीचा प्रश्न आठवतो. मराठीत ‘उजाडलं’ या क्रियापदाला कर्ता लागत नाही. कन्नडमध्ये ‘बेळगायितु’ म्हणतात, म्हणजे सकाळ झाली. तिथे निदान सकाळ तरी वाक्यात असते. आपल्याकडे मात्र कुणी काही न करता उजाडतं. म्हणूनच कदाचित आपली म्हण इतकी निर्धास्त आहे. या कन्नड लघुपटाने तिची निर्धास्ती काढून घेतली, एवढं मला त्याच्याकडून मिळालं.

मैत्रिणीच्या भाच्याचा चित्रपट संस्थेतल्या सभागृहात एकदा दाखवला गेला. वीस-पंचवीस माणसं होतो. पुढे तो दोन-तीन महोत्सवांना पाठवला, निवड झाली नाही, आणि त्यावर कुणी चार ओळी लिहिल्या नाहीत. मीही नाही. तो होतकरू आहे, पुढचा चित्रपट करेल तेव्हा लिहू, असं मनाशी म्हटलं. आता तो जाहिरातींचं संकलन करतो. पुढचा चित्रपट झालेला नाही. म्हणजे ज्याच्यावर लिहायला हवं होतं तो चित्रपट तोच होता: अकरा मिनिटांचा, एक रात्र कमी पडलेला, आणि दीड सेकंदाच्या त्या प्रश्नासह पुरता झालेला.