विहीर एका गटात, हक्क तिघांचा

बारामती-इंदापूरकडच्या माणसाला सातबारा कसा वाचावा हे शिकवावं लागत नाही. वाटणी झाली, तिघा भावांचे तीन गट पडले, पण जुनी विहीर नेमकी मधल्याच्या रानात आली. आता नोंद कशी करायची? जाणता तलाठी विहीर मधल्याच्याच गटात दाखवतो आणि बाकी दोघांच्या सातबाऱ्यावर ‘इतर अधिकार’ या रकान्यात लिहितो: अमुक गटातील विहिरीत एक तृतीयांश हिस्सा. विहीर एकदाच मोजली जाते, हक्क तिघांकडे राहतो. त्या एका ओळीत भावकीचं किती शहाणपण मावलंय, ते अशा विहिरीवर रात्रीच्या लाइटीला दारं धरलेल्या माणसालाच उमगावं.

अगदी अशीच एक ओळ मला वेगळ्याच दप्तरात भेटली. बीगलबोन ब्लॅक हा २०१३ साली आलेला, तळहातावर मावणारा संगणक. त्याच्या पोटात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची एएम३३५एक्स घराण्यातली चिप आहे. यूएसबीला काही जोडलं की ते स्वतःहून ‘मी अमुक’ असं सांगतं. चिपच्या आत कायमचे बसलेले भाग मात्र मुके असतात. कोणता भाग कोणत्या पत्त्यावर राहतो हे लिनक्सला कुणीतरी लिहून द्यावं लागतं, आणि ते लिहिण्याचा कागद म्हणजे डिव्हाइसट्री. त्याचं मूळ ‘ओपन फर्मवेअर’ या १९९४च्या मानकात सापडतं. ही चिप ज्या कुळातली, त्या एआरएम चिपांच्या दुनियेत तो २०११ नंतर रुजला. त्याआधी प्रत्येक बोर्डाची माहिती कर्नलच्याच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या, प्रोग्रामांत विखुरलेली असे. कागद कसा भरायचा, कोणत्या रकान्यात काय लिहायचं, याचे नियम म्हणजे बाइंडिंग. गंमत अशी की चिपमधल्या ज्या ३२ बिटांच्या खणांत हुकूम लिहिले जातात, त्यांनाही रजिस्टर असंच म्हणतात. तलाठ्याच्या कपाटातला आणि चिपच्या पोटातला शब्द एकच.

आता एएम३३५एक्सची फाइल उघडू. ४४ई१०००० या षोडशमान पत्त्यापाशी ‘कंट्रोल मॉड्यूल’ नावाचं क्षेत्र सुरू होतं. हे म्हणजे वाड्यातली अडगळीची खोली. नेटवर्कचा मॅक पत्ता इथे, पिनांची कामं ठरवणारी रजिस्टरं इथे, कॅन यंत्रणा जागी करणारे बिटही इथेच. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. अशा खोलीला नाव द्यायचं तरी काय? बाइंडिंगने तिला ‘सिसकॉन’ म्हटलं, म्हणजे एकसंध उपकरण नव्हे, तर नानाविध रजिस्टरांचा तुकडा, ज्याच्यापर्यंत इतरांना पोचावं लागतं. अडगळीला अडगळच म्हणायचं, उगाच देवघर म्हणायचं नाही, हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो.

या क्षेत्राची पोटफाळणी पाहा. पहिला तुकडा शून्यापासून सुरू होतो आणि षोडशमानात ८०० बाइट लांब आहे, म्हणजे त्याचा शेवटचा बाइट ७एफएफवर. पुढचा, पिनांच्या रजिस्टरांचा तुकडा, बरोबर ८००वर सुरू होतो आणि त्याची लांबी २३८ लिहिली आहे. आपल्या गणतीत हे ५६८ बाइट. एकेक रजिस्टर चार बाइटचं, म्हणजे १४२ रजिस्टरं. त्याखाली आणखी एक बारीक नोंद आहे: मास्क ७एफ, म्हणजे पिनेचं काम बदलताना प्रत्येक रजिस्टरातल्या खालच्या सात बिटांनाच हात लावायचा. शिवाय हे सगळे आकडे मूळ क्षेत्राच्या कोपऱ्यापासून मोजलेले आहेत, चिपच्या शून्यापासून नव्हे. मोजणीदार शिवेच्या दगडापासून साखळी टाकतो तसे. दोन तुकड्यांत एका बाइटचं अंतर नाही आणि एका बाइटचं अतिक्रमणही नाही. बांध कोरण्यावरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या चढणाऱ्या मुलखात असा बांध पाहून डोळे निवतात.

आता सामाईक विहिरीकडे येऊ. या चिपमध्ये कॅनचे दोन नियंत्रक आहेत. कॅन म्हणजे वाहनातल्या यंत्रांची एकमेकांशी बोलायची दोन तारांची वाट. ट्रॅक्टर आणि अवजार यांच्या संवादाचं आयएसओ ११७८३ हे मानक याच वाटेवर उभं आहे. काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक नियंत्रकाची स्मृती पुसून तयार करावी लागते. त्याचं बटण त्यांच्या स्वतःच्या घरात नाही; ते कंट्रोल मॉड्यूलमध्ये ६४४ या अंतरावर आहे, तेही दोघांत मिळून एकच रजिस्टर. बिट ० पहिल्याचा स्टार्टर, बिट १ दुसऱ्याचा. काम उरकल्याची खूण पहिल्यासाठी बिट ८वर, दुसऱ्यासाठी ९वर. एका पेटीत दोन स्टार्टर आणि दोन दिवे. यंत्रकाराने चार तारा वाचवल्या असतील, पण नोंद करणाऱ्याची खरी कसोटी इथे लागते.

जुन्या फाइलीत ही कसोटी साधली नव्हती. पहिल्या कॅनच्या नोंदीत त्याच्या स्वतःच्या पत्त्याशेजारी ४४ई१०६४४ हा पत्ता, चार बाइट, असं लिहिलेलं होतं. दुसऱ्या कॅनच्या नोंदीतही तेच. एकच विहीर दोन सातबाऱ्यांवर. लिनक्समध्ये एखाद्या पत्त्यावर रीतसर हक्क सांगितला की तो दुसऱ्याला मिळत नाही. म्हणून ड्रायव्हर, म्हणजे कॅन चालवणारा कर्नलमधला प्रोग्राम, हक्क न सांगताच त्या चार बाइटांत शिरत असे, आणि दोघांनी एकदम हात घालू नये म्हणून पदरचं एक कुलूप बाळगत असे. काम चालत होतं. भावाभावांत गोडी असली की चुकीच्या नोंदीवरही बरीच वर्षं काम चालतं.

फेरफार २०१४च्या अखेरीस झाला. कॅनच्या नोंदीतून तो परका पत्ता गेला आणि त्या जागी ‘सिसकॉन-रॅमइनिट’ नावाचा रकाना आला. त्यात तीनच पदं: त्या सिसकॉन तुकड्याचा निर्देश, ६४४ हे अंतर, आणि पहिल्या कॅनसाठी ०, दुसऱ्यासाठी १. विहीर कोणत्या गटात, गटात कुठे, आणि हिस्सेदार कितवा. पत्ता एकाच्याच नावावर राहिला, बाकीच्यांकडे त्याचा निर्देश. ‘इतर अधिकार’ रकान्याचं इतकं चोख भाषांतर दुसरं मी पाहिलेलं नाही.

पण खरा बारकावा तिसऱ्या पदात आहे, आणि तो घाईत निसटतो. ० आणि १ पाहून वाटतं, हे बिटांचे क्रमांक. योगायोगाने या चिपमध्ये स्टार्टरचे बिट ० आणि १च आहेत, म्हणून फसगत आणखी सोपी. ते बिट नव्हेत; तो हिस्सेदाराचा क्रम आहे. त्याच कंपनीच्या डीआरए७ चिपमध्ये हाच रकाना याच पद्धतीने भरतात, तिथे मात्र पहिल्याचा स्टार्टर बिट ३वर आहे आणि खूण बिट १वर; दुसऱ्याचा स्टार्टर ५वर, खूण २वर. कोणत्या चिपमध्ये कोणता बिट, हे कोष्टक ड्रायव्हरकडे असतं, आणि ‘कंपॅटिबल’ या रकान्यातलं चिपचं नाव वाचून तो त्यातली योग्य ओळ काढतो. कागदावर नातं लिहायचं, नात्याचा तपशील जाणकाराकडे ठेवायचा. ही वाटणी ज्याला सुचली त्याच्या हाताला चव आहे.

एक उणीवही दाखवायला हवी, नाहीतर रसग्रहणाची आरती व्हायची. या तुकड्याच्या जुन्या नोंदीत ‘कंपॅटिबल’च्या रकान्यात नुसतं ‘सिसकॉन’ हे सर्वसाधारण नाव आहे. म्हणजे आडनाव आहे, पाळण्यातलं नाव नाही. आजचं बाइंडिंग असं चालू देत नाही. एसटी कंपनीच्या एसटीएम३२एमपी१५७ चिपची नोंद पाहा: आधी चिपच्या नावासकट त्या तुकड्याचं स्वतःचं नाव, मागून ‘सिसकॉन’. पत्ता ५००२००००, लांबी ४००. तिथला इथरनेट नियंत्रक आपल्या नोंदीत त्याच तुकड्याचा निर्देश आणि ४ हे अंतर, एवढंच लिहितो. उद्या त्या तुकड्याची एखादी खोड निघाली, तर नावावरून ती ओळखून सांभाळून घेता येईल. नामकरणाचा हा सोपस्कार कोरडा वाटतो, पण पुढच्या पिढीची सोय त्यातच असते.

शेवटी, जे लिहिलेलं नाही ते वाचू. दोन ड्रायव्हर एकाच क्षणी त्या रजिस्टराला भिडले तर आधी कोण? कुलूप कुणाचं? डिव्हाइसट्रीत याविषयी एक अक्षर नाही. ते काम कर्नलमधल्या ‘रेगमॅप’ या व्यवस्थेकडे आहे: सिसकॉनच्या वतीने सगळे व्यवहार तिच्या हातून होतात, आणि कुलूप तीच घालते. उद्या लिनक्सऐवजी दुसरी प्रणाली आली, तर ती आपली पाळी आपल्या रीतीने लावील. कागद तोच राहील, कारण त्यात यंत्र कसं आहे एवढंच लिहिलंय. सातबाऱ्यावरही कधी पाळी लिहिलेली नसते. विहीर कुठल्या गटात आणि हिस्सा कुणाचा किती, एवढं सांगून तलाठी दप्तर मिटतो. सोमवारची रात्र कुणाची, ते तिघं भाऊ थारोळ्यावर बसून ठरवतात.