देखणा आरोपी आणि आपली दया
(सांगलीत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

विषयाचं नाव ऐकून काहींना वाटलं असेल, आज न्यायाधीशांवर टीका होणार. थोडी होईल. पण आधी आपल्याच गोष्टी तपासू. न्यायाधीश आकाशातून पडत नाहीत. आपण जी नाटकं बघतो, ज्या बखरी वाचतो, त्याच वाचून ते मोठे होतात.

साताऱ्याजवळचं माहुली. रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्र्यांनी चौकशी केली आणि गादीवर बसू पाहणाऱ्या राघोबादादांना तोंडावर सांगितलं की याला देहान्त प्रायश्चित्त आहे. ही गोष्ट शाळेतल्या प्रत्येक पोराला पाठ असते. पुढचा भाग मात्र फारसा कुणी सांगत नाही. शास्त्रीबुवा पुणं सोडून वाईकडे निघून गेले आणि राघोबांना शिक्षा झालीच नाही. ते मेले दहा वर्षांनी, कोपरगावात, अंथरुणावर. ज्या गारद्यांनी तलवार चालवली, त्यांच्यातल्या काहींना मात्र देहदंड झाला. काम करणारा सुळावर, काम सांगणारा पेन्शनीवर.

आता भाषेकडे बघा. या खुनातून मराठीत आलेला वाक्प्रचार कोणता? 'ध चा मा करणे.' 'धरावे'चं 'मारावे' झालं, आणि ते कुणी केलं? आनंदीबाईंनी. साताऱ्यात रेसिडेंट राहिलेल्या ग्रँट डफनं १८२६ च्या इतिहासात ही कथा दिली आहे, पण बाईंचं नाव त्यानं घातलंय ते लोकांची सर्वत्र तशी समजूत आहे, एवढ्याच आधारावर. म्हणजे बघा, खून पुतण्याचा, फायदा काकाचा, निकाल काकाविरुद्ध, आणि अडीचशे वर्षं बोट बाईकडे. का? कारण राघोबा आपल्याला आवडतात. अटकेपार गेलेले, 'राघोभरारी'. शूर माणूस खुनी असू शकतो हे आपल्या मनाला पटत नाही. मग मधे कुणीतरी लागतं, ज्याच्यावर ओझं टाकता येईल. बहुतेक वेळा ती बाई असते. बाई नसली तर मेलेला माणूस चालतो.

हीच रीत मुंबईत १९५९ साली दिसते. कमांडर कावस नानावटी. नौदलाचा उमदा अधिकारी, पांढरा गणवेश, पदकं. २७ एप्रिलला बायकोनं प्रेम आहुजाशी संबंध असल्याचं कबूल केलं. नानावटींनी बायकामुलांना मेट्रो सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन खोटं कारण सांगून रिव्हॉल्वर आणि सहा गोळ्या घेतल्या, आहुजाचं ऑफिस गाठलं, तो तिथे नाही म्हणून त्याच्या घरी गेले. तीन गोळ्या. मग स्वतःहून पोलिसांत हजर.

बचाव असा, की झटापटीत गोळी सुटली. सरकारी वकिलांचा एक साधा मुद्दा होता. आहुजा नुकताच आंघोळ करून आला होता, कमरेला टॉवेल होता, आणि मेल्यावरही तो टॉवेल जागच्या जागी होता. झटापट झाली असती तर टॉवेल राहिला असता का? तरी नऊ ज्युरींपैकी आठ जणांनी 'निर्दोष' म्हटलं. सत्र न्यायाधीश मेहतांनी हा निकाल तर्काला धरून नाही म्हणून प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, हे त्यांचं मोठेपण. (भारतातला हा शेवटचा ज्युरी खटला असं सगळीकडे लिहितात. ते खरं नाही. काही ठिकाणी ज्युरी पुढेही चालू राहिली. पण ज्युरीची अब्रू गेली ती इथे, हे बरोबर.)

उच्च न्यायालयानं ११ मार्च १९६० ला जन्मठेप दिली. त्याच दिवशी राज्यपालांनी शिक्षा स्थगित केली, कमांडरांना तुरुंगात न ठेवता नौदलाच्या ताब्यात ठेवायचं म्हणून! त्याच दिवशी हं. आपल्याकडे सातबारावरची नोंद बदलायला किती दिवस लागतात, तुम्ही सांगा. (हशा.) सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर १९६१ मध्ये जन्मठेप कायम केली. १९६४ मध्ये नव्या राज्यपाल विजयालक्ष्मी पंडितांनी माफी दिली. पुढे कुटुंब कॅनडाला गेलं. करंजियांचं 'ब्लिट्झ' या सगळ्या काळात नानावटींच्या बाजूनं उभं होतं आणि पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांना विकला जात होता.

माझा आक्षेप माफीला नाही, हे नीट ऐका. तीनएक वर्षं कोठडीत आणि तुरुंगात काढलेल्या माणसाला, ज्याच्यापासून पुन्हा कुणाला धोका नाही, सोडलं तर आभाळ कोसळत नाही. आक्षेप वेगळा आहे. पाचएक वर्षांत नानावटींचं सगळं चरित्र आपल्याला पाठ झालं. घराणं, नोकरी, मुलं, दुखावलेलं मन. आणि आहुजा? विलासी, बायका फिरवणारा, बस. त्याच्या बहिणीनं किती झुंज दिली हे कुणाला ठाऊक आहे? पण त्या माफीआधी तिच्याकडून लेखी संमती घ्यावी लागली होती. सिल्व्हिया तर कथेत फक्त 'चुकलेली बायको' म्हणून उरली.

आणि इथे कायद्यातलं एक वाक्य महत्त्वाचं आहे. गंभीर आणि अचानक चिथावणी मिळाली तर खुनाचा गुन्हा सौम्य ठरतो, हा २०२४ पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०० चा पहिला अपवाद होता. सर्वोच्च न्यायालयानं तो नानावटींना नाकारला. दीडला घर सोडलं, चार-वीसला गोळी, राग निवायला तीन तास होते, हा साधा हिशोब. पण कसोटी सांगताना न्यायालय म्हणालं की आरोपी ज्या समाजवर्गातला आहे, त्या वर्गातल्या समंजस माणसाचं मन त्या प्रसंगी कसं वागेल ते बघावं. हेतू चांगला आहे. खेड्यातल्या माणसाला शहरी मोजपट्टी लावू नये. पण 'वर्ग' हा शब्द दोन्ही बाजूंनी कापतो. मोठ्या घरच्या माणसाची 'अब्रू' कायद्याच्या पानावर आली, की तिचं वजन करणारा तराजू न्यायाधीशाच्या हातात राहतो. आणि न्यायाधीश बहुधा त्याच वर्गातला असतो. नानावटींच्या बाबतीत तराजू सरळ धरला गेला. प्रत्येक वेळी धरला जाईलच असं नाही.

२०२१ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयात बलात्काराच्या आरोपातल्या एका आयआयटी विद्यार्थ्याला जामीन देताना लिहिलं गेलं की तो आणि ती, दोघंही हुशार विद्यार्थी, राज्याची भावी संपत्ती आहेत. जामीन देण्याचा अधिकार न्यायालयाला आहेच. पण वीटभट्टीवरच्या मजुराच्या जामिनात 'राज्याची संपत्ती' कुणी लिहिल्याचं मी तरी वाचलेलं नाही. अमेरिकेत २०१६ मध्ये स्टॅनफर्डच्या जलतरणपटूला बेशुद्ध मुलीवरच्या अत्याचारासाठी सहा महिने मिळाले. तुरुंगाचा त्याच्यावर फार वाईट परिणाम होईल, असं न्यायाधीशांना वाटलं. दोन वर्षांनी मतदारांनी त्या न्यायाधीशाला पदावरून उतरवलं. हा उपाय मला फारसा आवडत नाही. लोकांच्या भीतीनं न्यायाधीश गरीब आरोपींना जास्त शिक्षा देऊ लागतात. पण चीड का आली, ते समजतं.

आता आपल्या हरिपूरकडे येतो. गोविंद बल्लाळ देवल इथलेच. १८९० मध्ये त्यांनी 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' केलं. शूर सेनापती संशयानं बायकोचा जीव घेतो. कथानकाची रचनाच अशी की रडू येतं ते मारणाऱ्यासाठी, आणि कटकारस्थानी माणूस शेजारी उभा असतो, दोष घ्यायला. नाटक थोर आहे, वाद नाही. पण त्याच देवलांचा फाल्गुनराव बघा, हाही संशयी नवराच. तिथे आपण पोट धरून हसतो. तो संशय आणि हा संशय एकच. फरक एवढाच की फाल्गुनराव हास्यास्पद ठरतो, झुंझारराव भव्य. कोर्टात मात्र नेहमी झुंझारराव उभा केला जातो, फाल्गुनराव नाही. वकिलाची फी त्यासाठीच असते. आणि १८९९ मध्ये देवलांनी 'शारदा' लिहिलं, तेव्हा पहिल्यांदा आपण श्रीमंत म्हाताऱ्याच्या डोळ्यांनी नाही, मुलीच्या डोळ्यांनी लग्न पाहिलं. नाटककाराला जे जमलं ते आपल्या शिक्षेच्या सुनावणीला अजून जमत नाही. नानावटी खटल्यावर बेतलेलं मधुसूदन कालेलकरांचं 'अपराध मीच केला' तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिलं असेल. त्यातही लोक टाळ्या कुणाला देत होते, आठवून बघा.

या दोन जिल्ह्यांत उलटा अनुभवही आहे. पारधी पाल. १८७१ च्या कायद्यानं जन्मानं गुन्हेगार ठरवलेल्या जमाती, तो कायदा १९५२ ला गेला. पण पारध्याच्या पोराचं चरित्र आजही कोर्टात त्याच्या विरुद्ध पुरावा म्हणून येतं. कमांडरचं चरित्र दया मागतं, त्याचं चरित्र संशय आणतं. खून दोघांनीही केलेला असो किंवा नसो.

शेवटी एक कामाची गोष्ट, कारण समोर वकील मंडळी बसली आहेत. दोषी ठरल्यावर आरोपीला शिक्षेबाबत ऐकून घ्यावं लागतं, कायदाच तसं सांगतो, आणि ते योग्य आहे. २००९ पासून पीडितालाही अपिलाचा हक्क मिळाला. आरोपी सुटला, कमी गुन्ह्यात दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी मिळाली, तर. पण शिक्षा अपुरी वाटली, म्हणून पीडिताला अपील करता येत नाही. ते फक्त सरकार करू शकतं. म्हणजे देखण्या आरोपीला दया दाखवून न्यायाधीशानं दोन वर्षं दिली, तर मेलेल्या मुलीच्या आईनं कलेक्टर कचेरीत आणि मंत्रालयात अर्ज देत बसायचं. सरकारनं अपील केलं तर केलं. आज इथे किती जणांनी असा अर्ज लिहून दिला आहे? हात वर करा. ... दोन. बरं, चहाच्या आधी त्या दोघांना बोलू द्या, मग मी प्रश्न घेतो.