‘83 टक्के’ वाचताना जरा थांबा

पीएचडीला लागलात की काही महिन्यांतच खरेदीची फाइल तुमच्या हातात येते. मग ‘सगळी खरेदी एकाच ठिकाणाहून केली की पैसे वाचतात’ हे वाक्य कानावर पडतं. ते सिद्ध करायला ज्या पेपरचा हमखास दाखला दिला जातो, तोच आज वाचू. अर्थशास्त्राचा आहे म्हणून पळू नका.

आधी दोन संज्ञा. चौकट करार म्हणजे काय, तर पुरवठादार, दर, अटी आधी ठरवायच्या आणि माल गरज पडेल तसा मागवायचा. असे करार अनेक कार्यालयांसाठी एकत्र करते ती केंद्रीय खरेदी संस्था. इटलीत हे काम ‘कॉन्सिप’ करते. आपल्याकडे डीजीएस अँड डीचे रेट कॉन्ट्रॅक्ट याच जातीचे होते. ते खातं 2017 मध्ये बंद झालं आणि त्याची जागा ‘जेम’ पोर्टलने घेतली. जेम मात्र मुख्यतः बाजारपेठ आहे, चौकट करार नव्हे.

पेपर आहे बांदिएरा, प्राट आणि व्हॅलेत्ती यांचा, 2009 चा, ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मधला. प्रश्न साधा आहे: सारख्याच वस्तूला काही सरकारी कार्यालयं जास्त पैसे का मोजतात? कोणी पैसे खातं म्हणून, की खरेदी नीट जमत नाही म्हणून? युक्ती सुरेख आहे. कॉन्सिपचा करार उपलब्ध झाला की पैसे खाणारा त्यापासून लांब राहील. पण महाग घेणारी कार्यालयंच एकंदरीत त्याकडे जास्त वळली. यावरून निष्कर्ष असा की सुमारे 83 टक्के अपव्यय ‘निष्क्रिय’ आहे, म्हणजे त्यातून कोणाचा खिसा भरत नाही.

पद्धत मला पटते. खटकतो तो पेपरचा वापर.

पहिलं, नमुना बघा. 21 प्रकारच्या सर्वसाधारण वस्तू: कागद, संगणक असल्या. वर्णन लिहिलं की वस्तू ठरली. अँटिबॉडीचं तसं नसतं. कागदावर सारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्या प्रयोगात वेगळ्या वागतात.

दुसरं, मोजली आहे ती किंमत. सहा महिने माल आला नाही आणि तुमची फेलोशिप सरत गेली, तर तो खर्च दराच्या रकान्यात दिसत नाही.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. ‘निष्क्रिय’ म्हणजे आळस नव्हे. नियमांचं ओझंही त्यातच येतं, हे लेखकच सांगतात. शिवाय याच पेपरमध्ये केंद्रीय प्रशासनातली कार्यालयं निमस्वायत्त संस्थांपेक्षा किमान 22 टक्के जास्त दर मोजताना दिसतात. म्हणजे स्वायत्तता असलेले लोक स्वस्तात घेत होते! केंद्रीकरणाचे वकील हा आकडा सहसा सांगत नाहीत.

जून 2025 मध्ये केंद्र सरकारने वैज्ञानिक संस्थांच्या प्रमुखांना संशोधनाची उपकरणं आणि साहित्य जेमबाहेरून घेण्याची मुभा दिली, थेट खरेदीची मर्यादा 1 लाखावरून 2 लाख रुपये केली. हा पेपर नीट वाचला तर ही सूट त्याच्या विरोधात जात नाही. कागदाची रिमं एकत्रच घ्यावीत. एन्झाइम ज्याला वापरायचंय त्याला निवडू द्यावं.

तुम्हीही कुठला आकडा उद्धृत करण्याआधी एवढं विचारा: हा कोणत्या वस्तूंवरून निघाला, आणि यात काय मोजलंच नाही?