जोडा नाही, पायच निसटतो : 'सिंडर' वाचताना सापडलेला एक प्रश्न

पेटची तयारी करणाऱ्या एका मैत्रिणीने परवा विचारलं, "जे पुस्तक मनापासून आवडलंय त्यावर संशोधन करावं का गं? की आवड आली की तटस्थता गेली?" हा प्रश्न मलाही पहिल्या वर्षी छळायचा. एका चर्चासत्रात माझ्या विषयाचं नाव ऐकून एक ज्येष्ठ प्राध्यापक हसून म्हणाले होते, "हे काय, मुलींची गोष्टीची पुस्तकं!" तेव्हा मी गप्प बसले. आज तेच पुस्तक घेऊन उत्तर द्यायचा प्रयत्न करते.

पुस्तक म्हणजे मारिसा मायर या अमेरिकन लेखिकेची 'सिंडर' ही कादंबरी. 2012 साली आलेली, किशोर आणि तरुण वाचकांसाठी लिहिलेली, 'ल्युनर क्रॉनिकल्स' मालिकेतली पहिली. सिंड्रेलाची गोष्ट भविष्यकाळात नेऊन सांगितली आहे. (पुढे कथानकातली सगळी गुपितं फुटणार आहेत. आधी वाचायची असेल तर इथेच थांबा.)

मी ती विरार लोकलमध्ये वाचली. नालासोपाऱ्याला चौथी सीट मिळाली तर मिळाली, नाहीतर दाराजवळच्या गर्दीत उभं राहून, एका हाताने पुस्तक धरून. तीन दिवसांत संपली. दुसऱ्या दिवशी तर उतरायचं स्टेशनच गेलं. म्हणजे मजा आली, हे आधी मान्य करून टाकते. ही मजा लपवायची गरज नाही. तिला फक्त एक प्रश्न विचारायचा असतो : नेमकी कुठे आली?

मजा कुठे आली, ते आधी लिहून काढा

माझ्या वहीत पहिली नोंद पहिल्याच प्रकरणाची आहे. न्यू बीजिंगच्या बाजारात सिंडर नावाची मेकॅनिक मुलगी आपल्या दुरुस्तीच्या गाळ्यात बसलीय आणि स्वतःच्या घोट्यातला गंजलेला स्क्रू काढतेय. तिचा एक पाय यंत्राचा आहे. लहानपणी बसवलेला, आता फार लहान पडलेला. तो उतरवून ती नव्या पायाची वाट पाहतेय आणि नेमका त्याच वेळी राजपुत्र काय आपला बिघडलेला अँड्रॉइड घेऊन गाळ्यासमोर उभा राहतो.

इथे मी हसले होते. का हसले, ते समजायला मात्र दोन दिवस लागले. शार्ल पेरोने 1697 साली सांगितलेल्या गोष्टीत नाजूक पाय हा सिंड्रेलाचा पुरावा आहे. काचेचा जोडा ज्या पायात बसेल, तीच खरी. ग्रिम बंधूंच्या 1812 च्या संग्रहात तर सावत्र बहिणी जोडा बसावा म्हणून एक अंगठा आणि दुसरी टाच कापून घेते. म्हणजे शतकानुशतकं या गोष्टीचा सगळा भार पायावर आहे. मायर पहिल्याच पानांत तो पाय काढून बाजूला ठेवतात! जो पुरावा असायचा, तोच सुटा भाग झाला.

शेवटी मेजवानीतून पळताना बागेच्या पायऱ्यांवर सिंडर पडते. जोडा नाही निसटत, पायच निसटतो. आणि राजपुत्राला तो बघून ओळख पटत नाही, उलट ओळख मोडते. जिच्याशी आपण बोलत होतो ती सायबॉर्ग आहे, हे त्याला तेव्हा कळतं. जुन्या गोष्टीत जी वस्तू नायिकेला राजवाड्यात घेऊन जाते, ती इथे तिला तुरुंगात नेते. एवढा एक बदल, पण तो बरोब्बर मर्मावर केलेला आहे. भोपळ्याची जुनाट नारिंगी गाडी झाली, ही गंमत झाली. जोड्याचा पाय झाला, हा विचार झाला. समीक्षकाला या दोन्हींत फरक करता आला पाहिजे.

आवडीतून प्रश्न कसा निघतो

पायाचा धागा धरून मी पुस्तक पुन्हा वाचलं. दुसऱ्या वाचनात दिसलं की ही शरीराच्या मालकीची गोष्ट आहे. सिंडरचं शरीर 36.28 टक्के यंत्र आहे. या एका आकड्यावर तिचं माणूसपण ठरतं. कायद्याने ती सावत्र आई अद्रीच्या ताब्यात आहे. बाजारात ती कमावते, पैसे अद्रीचे. राज्यात साथ पसरलीय आणि औषधाच्या चाचणीसाठी सायबॉर्गांची सक्तीने भरती होते. अद्री सिंडरला तिथे पाठवून देते, आणि सावत्र बहीण पिओनीच्या आजाराचं खापरही तिच्यावरच फोडते.

जुन्या गोष्टीतली सावत्र आई चुलीपाशी राबवते, हे आपण लहानपणी ऐकलं आणि सोडून दिलं. इथे तेच कायद्याच्या भाषेत येतं, म्हणून टोचतं. राबणाऱ्या पोरीचं शरीर कोणाचं? हा प्रश्न मूळ गोष्टीतच होता, राखेखाली होता. चांगलं पुनर्कथन नवं काही चिकटवत नाही. जे आधीपासून तिथे होतं, ते दिसेल असं ठेवतं. पुनर्कथनाची पारख करताना माझी कसोटी आता हीच आहे.

मग जे आवडलं नाही, तेही लिहा

आवडत्या पुस्तकावर काम करणाऱ्याचा खरा घात इथे होतो. आपण वकील होतो. म्हणून मी वहीत समोरच्या पानावर तक्रारी लिहिते. दोन सांगते.

पहिली लहान. जागा न्यू बीजिंग, पण चीन बराचसा नावांत आणि पोशाखांतच राहतो. हे जास्त खटकतं, कारण सिंड्रेलासारख्या गोष्टीचं एक फार जुनं लिखित रूप चीनमधलंच आहे. नवव्या शतकात दुआन चेंगशी यांनी नोंदवलेली ये श्यान या मुलीची गोष्ट. त्यात माशाची हाडं मदत करतात आणि सोन्याचा जोडा हरवतो. एवढा ठेवा पायाखाली असताना कादंबरी त्यावरून नुसती चालत जाते.

दुसरी तक्रार मोठी. शेवटी कळतं की सिंडर ही चंद्रावरच्या राज्याची हरवलेली राजकन्या सेलीन आहे. (खरं सांगायचं तर वाचकाला हे खूप आधी कळतं, फक्त सिंडरला कळत नाही.) आता बघा काय झालं. पुस्तकभर प्रश्न होता की 36.28 टक्के यंत्र असलेल्या पोरीला माणसाचे हक्क आहेत की नाहीत. उत्तर मिळतं की ती राणी आहे! मग ज्या सायबॉर्ग राजकन्या नाहीत त्यांचं काय? चाचणीच्या खोलीत आधी मेलेल्यांचं काय? प्रश्न न्यायाचा होता, उत्तर रक्ताचं मिळालं.

डॉना हॅरवे यांचा सायबॉर्गवरचा 1985 सालचा गाजलेला निबंध इथे उपयोगी पडतो. त्यांच्या मांडणीतला सायबॉर्ग मूळ घर, मूळ कुटुंब, हरवलेला स्वर्ग शोधत नाही. त्याला वंशावळ नको असते. मायर यांची सायबॉर्ग मात्र नेमकी वंशावळीतच सुटका शोधते. लक्षात घ्या, मी हॅरवे शेवटी आणल्या. पहिल्या सेमिनारला मी उलटं केलं होतं. सात पानं सिद्धांत आणि मग कादंबरी त्यात कोंबलेली, ग्रिमच्या त्या बहिणीच्या टाचेसारखी. सिद्धांत हा जोडा आहे. बसत नसेल तर पाय कापू नका.

खाडीपलीकडची सिंड्रेला

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ते सांगते. सिंड्रेला म्हणजे 'त्यांची' गोष्ट, असं मीही धरून चालले होते. मग संदर्भ शोधताना मारियन रोल्फ कॉक्स यांच्यापाशी पोचले. या बाईंनी 1893 साली सिंड्रेला आणि तिच्या भावंड-कथांची 345 रूपं एका ग्रंथात गोळा केली. त्या यादीत एक नाव वाचून मी चमकले : बापखादी. आणि ठिकाण : साष्टी.

साष्टी म्हणजे कुठे? नायगाव सोडलं, गाडी खाडीच्या पुलावर आली, पाणजू बेट मागे पडलं, भाईंदर आलं, की आपण साष्टी बेटावर असतो. मी 'सिंडर' वाचत रोज ज्या पुलावरून जात होते, त्याच्या पलीकडची गोष्ट! जी. एफ. डिपेन्हा यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात साष्टीतल्या ख्रिस्ती लोकांच्या लोककथा इंग्रजीत छापल्या, त्यांतली ही एक. आपल्या वसईच्या वाड्यांतल्या लोकांशी ज्यांचं नातं आहे, त्या लोकांची. यातली नायिका नटूनथटून जाते ती राजवाड्यातल्या नाचाला नाही, चर्चला. जोडा तिथून परतताना हरवतो.

आणि तिचा जन्म? बापाच्या अंगावर आलेल्या फोडातून. आईच्या पोटातून नाही. नावाचा अर्थ तर उघडच आहे, बापाला खाणारी. शिवीच आहे ती.

हे वाचल्यावर मला सिंडर पुन्हा आठवली. दोघींचं शरीर 'नीट' जन्माला आलेलं नाही. दोघींचं नाव म्हणजे टोमणा. फरक एवढाच की बापखादीला राजपुत्राच्या घरी जायला आपण मुळात राजकन्या होतो हे सिद्ध करावं लागत नाही. फोडातून आलेली पोर फोडातून आलेलीच राहते आणि तरी जोडा तिलाच बसतो. जे धाडस 2012 च्या कादंबरीने शेवटच्या क्षणी सोडून दिलं, ते साष्टीतल्या गोष्टीत आहे. माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण या एका तुलनेवर उभं आहे.

पण इथेच ब्रेक लावायचा. मायर यांनी बापखादी वाचली असेल, असा एकही पुरावा माझ्यापाशी नाही आणि मला तसं म्हणायचंही नाही. साम्य दिसलं म्हणजे उगम सापडला असं होत नाही. जोडा आणि चर्च पोर्तुगीजांबरोबर आले का? वसई 1534 पासून 1739 पर्यंत त्यांच्या ताब्यात होती, म्हणजे शक्यता आहे. पण फोडातून जन्म हा भाग कुठला? शेजारच्या कर्नाटकात 'हंची' नावाची सिंड्रेला आहे, तिच्यावर ए. के. रामानुजन यांनी लिहिलंय. तिथे मुलगी मातीच्या मुखवट्याआड स्वतःला लपवते. म्हणजे लपलेलं शरीर, बिघडलेलं शरीर, ओळख पटणारं शरीर यांच्या गोष्टी आपल्याकडेही रचल्या जात होत्या. बाहेरून काय आलं आणि इथलं काय, हे सुटं करणं हे अनेक वर्षांचं काम आहे. एका वाक्यात उरकायचं नाही.

आणखी एक अडचण. डिपेन्हांची गोष्ट इंग्रजीत आहे. सांगणारीच्या तोंडची बोली कागदावर नाही. ती हसत सांगत होती की हळहळत, ते कळत नाही. म्हणून मी आता वसईतल्या आज्यांना विचारत फिरतेय. अजून बापखादी कोणाला आठवलेली नाही. एका आजीने मात्र ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जोडा हरवला तर हरवला, पोरगी चर्चला एकटी गेली होती ना, ते बघ की." मी आल्या आल्या ते वहीत लिहून ठेवलं. इतके महिने मी पायाकडे बघत होते. पाय कुठे निघाला होता, तिकडे पाहिलंच नव्हतं.

तर, मैत्रिणीला उत्तर

आवडत्या पुस्तकावर काम कर. फक्त तीन पानं आधी भर. एकावर, मजा नेमकी कोणत्या ओळीपाशी आली. दुसऱ्यावर, पुस्तकाने कुठे फसवलं. तिसऱ्यावर, हीच गोष्ट तुझ्या घरापासून सर्वांत जवळ कुठे सांगितली गेली होती. तिसरं पान कोरं राहिलं तरी चालेल. त्या कोऱ्या पानासाठीच तर आपण पीएचडीला बसतो.

आणि 'मुलींची गोष्टीची पुस्तकं' असं कोणी म्हणालं, तर माझ्यासारखी गप्प बसू नकोस. हो म्हण. 345 रूपं एका ग्रंथात मावली, ती कोणीतरी आवडीने सांगितली आणि कोणीतरी आवडीने ऐकली म्हणूनच.